मोठ्या मायची राखण

मोठ्या मायच्या हातचा मार न खाल्लेला माणूस आमच्या घराण्यात शोधून सापडायचा नाही. मी शेवटचा खाल्ला तो माझ्याच लग्नात, मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेलो असताना. भटजींनी सांगितलेला मंत्र मी हसत हसत म्हटला, एवढाच गुन्हा. मागून अशी चापट बसली की मुंडावळी कानावर लोंबकळली. तो फोटो आमच्या अल्बममध्ये आहे आणि माझी बायको तो पाहुण्यांना आवर्जून दाखवते. या घरात कुणाला भ्यायचं ते मला पहिल्याच दिवशी कळलं, असं ती म्हणते, आणि मग माझ्याकडे बघून हसते.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. धरणगावाजवळचं आमचं गाव. मोठे काका लवकर गेले आणि तिच्यामागे एक मुलगा, कापसाची जमीन आणि भाऊबंदांची भांडणं ठेवून गेले. तिन्ही गोष्टी तिने एकाच हाताने सांभाळल्या, आणि तो हात जड होता. उंच बाई. आवाज असा की फोनवर बोलायला लागली की फोनची गरज काय, हे कळेना. मोबाईल ती हातभर लांब धरी आणि मधे दोन शेतं असल्यासारखी ओरडे. जेवायची उभ्याने. बसून जेवलं की पोट वाढतं, असं माझ्याकडे बघत म्हणायची. मी जळगावात ठिबकच्या नळ्या विकतो, दिवसभर गल्ल्यावर बसतो, त्यामुळे या विषयावर मला बोलायला जागा नव्हती.

तिच्या माराला मात्र मोजमाप असे. धरणगावच्या स्टँडवर एका कंडक्टरने चढणाऱ्या म्हातारीला ढकललं. मोठ्या मायने त्याची तिकिटाची पिशवी गळ्यातून ओढली, त्याच पट्ट्याने त्याला दोन हाणल्या आणि पिशवी पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. म्हातारीला त्याने स्वतःच्या हाताने उचलून वर बसवलं, तेव्हा गाडी सुटली. त्याने तक्रार केली नाही. मोठी माय पुढे कितीतरी वर्षं त्याच गाडीने गेली आणि तो तिला जागा द्यायचा. मारून झालं की तिचं मन स्वच्छ होई. मार खाणाऱ्याचं व्हायला जरा वेळ लागे.

आता विलासबद्दल सांगायला हवं. तिचा एकुलता मुलगा, माझा चुलतभाऊ. त्याचं लग्न ठरलं होतं त्या वर्षीची गोष्ट. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. सुमन नावाची एक बाई आमच्याकडे वेचायला यायची, मजूरवस्तीतली, दोन लेकरांची आई. बाकीच्या बाया बांधाच्या पलीकडे गेल्या होत्या, ती एकटी मागे राहिली होती, आणि विलास शेतात होता.

दुपारी सुमन मोठ्या मायच्या अंगणात आली. कमरेला कापसाची झोळी तशीच बांधलेली, एका कानाची पाळी फाटलेली, रक्त खांद्यावर. ती एकच वाक्य बोलली. मोठ्या मायने उलट प्रश्न विचारला नाही. तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, गोठ्यात गेली आणि बैलगाडीच्या जुवातली शिवळ उपसून आली. हाताएवढी लाकडी खुंटी असते ती. विलास आत जेवत होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज बाहेर सुमनपर्यंत ऐकू आला म्हणतात. मग शेजाऱ्याची रिक्षा बोलावून सुमनला पुढे बसवलं, मुलाला मागे कोंबलं आणि ती सरळ पोलीस ठाण्यात गेली. हवालदाराने विचारलं, याला कुणी मारलं? ती म्हणाली, मी मारलं, ते वेगळ्या कागदावर लिहा, आधी या बाईचं लिहा.

भाऊबंद खवळले. तिचा धाकटा दीर, आम्ही सगळे त्याला आबा म्हणतो, तो रोज यायचा. मजूर बाईचं मिटवून टाकू, पोराचं लग्न ठरलंय, घराण्याचं नाव जाईल. विहिरीजवळ एकदा बोलणं वाढलं आणि आबाने तिचा डावा हात पिरगाळला. मनगट वाकडं बसलं ते कायमचं. कोर्टात ती त्या वाकड्या हाताने पदर धरून उभी राहिली. मी तिथे होतो. विलासच्या वकिलाने खोचून विचारलं की बाई, तुम्ही याची आई आहात ना?

"माय शे म्हनीसनच आठे उभी शे," ती म्हणाली. आई आहे, म्हणूनच इथे उभी आहे.

विलासला सक्तमजुरी झाली. दहा वर्षं. दर वर्षी एकदा ती नाशिकच्या तुरुंगात जाई. काही न्यायची नाही, काही विचारायची नाही. जाळीपलीकडे तो दिसला की त्याला वरपासून खालपर्यंत बघायची आणि परतीची गाडी पकडायची.

तो सुटून आला तेव्हा नवा प्रकार सुरू झाला. अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची देशभराची नोंद पोलिसांकडे ठेवली जाते. नाव, फोटो, बोटांचे ठसे, राहता पत्ता. किती वर्षं ठेवतात ते मी चष्मा लावून वाचलं आणि घरात चुकीचं सांगितलं, तेव्हापासून कुणी पंधरा म्हणतं, कुणी जन्मभर. ती नोंद फक्त पोलिसांना दिसते, लोकांना नाही. कायद्यात तसं आहे. पण पत्ता खरा आहे का ते बघायला पोलीस दारात येतात, आणि दारात उभी राहिलेली जीप सगळ्यांनाच दिसते.

मी त्याला जळगावात एका डाळ मिलमध्ये चिकटवलं. पोत्यांना टाके घालायचं काम. पोलीस येऊन विचारून गेला आणि दिवेलागणीला मुकादमाने त्याला उद्यापासून येऊ नको म्हटलं. मग असोद्याला केळी भरायला गेला. तिथे पोरांनी त्याचा शर्ट फाडून त्याला केळीच्या दांड्यांनी मारत रस्त्यापर्यंत पळवलं. मग धुळ्याला खोली घेतली. शिपाई आला, मालकिणीने अंथरूण गटारात फेकलं आणि गल्लीतल्यांनी त्याचे पुढचे दात पाडले. प्रत्येक ठिकाणी तो नवा पत्ता द्यायचा आणि प्रत्येक पत्त्याच्या मागून मार यायचा. शेवटी तो तोंडाला रुमाल बांधून गावी परत आला. मोठ्या मायने त्याला घरात घेतलं नाही, गोठा दाखवला.

"आठेच ऱ्हा. मना डोयासमोर," म्हणाली. डोळ्यासमोर राहा, म्हणजे नजरेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

तसं तिने ठेवलंही. तो गोठ्यात झोपे, शेतात तिच्यापुढे चाले, फाटकाबाहेर एकटा जात नसे. एकदा मी गेलो होतो तेव्हा निंदणीहून बाया परतत होत्या आणि तो फाटकाशी उभा होता. उभाच होता फक्त. मोठ्या मायने भरलेली बादली उचलून त्याच्या पाठीत घातली. तो तोंडावर पडला, उठला, गोठ्यात गेला. तिने मला चहा विचारला. पोलीस महिन्यातून एकदा येतो, मी चोवीस तास असते, हे ती अभिमानाने सांगायची. आपण चोख राखण करतो आहोत, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

विलासशी मी फार बोलायचो नाही. काय बोलायचं? एकदा मोटारीचा पाइप बसवताना तोच म्हणाला की दादा, मी तिला सांगितलं, माय, मला एकदाचं मारून टाक. तर ती म्हणाली, ते सोपं आहे. मग तो पाना फिरवत राहिला आणि मी हातातलं वायसर उगाच पुसत राहिलो.

गंमत अशी की पूर्वी मिटवून टाका म्हणणारा आबाच आता त्याला गावाबाहेर काढा म्हणू लागला. त्याच्या पुतणीला बघायला आलेली मंडळी जीप बघून परत गेली होती. आबाचा मुलगा प्रमोद जास्त तापट. शिपायाशी बोलत असलेल्या विलासचा फोटो कुणीतरी काढून तालुकाभर मोबाईलवर फिरवला होता, तो प्रमोदलाही चारचौघांनी दाखवला होता.

अशात कानबाई आली. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजून घ्यायचे असतात. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. ज्याची मूठ पडली त्याने रोट खायचा. भाऊबंदांबाहेरच्या कुणाला तो चालत नाही. मुठी टाकायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे मोठ्या मायचा. विलास तुरुंगात गेल्यापासून तिने त्याची मूठ टाकली नव्हती. सुटून आल्यावरही नाही. सगळं घराणं जेवायला बसलं की तो गोठ्यात आदल्या दिवसाची भाकरी खायचा.

त्या रविवारी सकाळी आम्ही सगळे ओसरीवर जमलो. मोठी माय सुपापुढे बसली, नावं घेत गेली. माझं नाव आलं तेव्हा सव्वा मुठीवर चार दाणे जास्त टाकून म्हणाली, याच्या पोटाला. सगळे हसले. मग प्रमोदचं झालं, त्याच्या पोराचं झालं, आणि ती थांबली. म्हणाली, विलास. आणि कुणाला काही कळायच्या आत मूठ सुपात पडली.

आबा उठून उभा राहिला. ही मूठ काढ म्हणाला. ती म्हणाली, इतकी वर्षं टाकली नाही, त्याने भोगून झालं, आता टाकते. आबा म्हणाला, काढ. ती शांतपणे सूप पुढे सारून म्हणाली, काढी ले. गव्हात पडलेला गहू कोण वेगळा काढणार? आणि देवीचे गहू फेकायची हिंमत कुणाची? रोट खायचे तर विलासबरोबर खायचे, नाहीतर कानबाई उपाशी ठेवायची. प्रमोदने खांबावर हात आपटला आणि तो फाटकाकडे निघून गेला.

तेवढ्यात मोटारसायकली आल्या.

शेजारच्या गावातली एक नवी सून सकाळपासून सापडत नव्हती. विलासचा तो जुना फोटो पुन्हा फिरला होता, आणि त्याखाली कुणीतरी गावाचं नाव घातलं होतं. पंधरा-वीस जण असतील. हातात काठ्या, सायकलची साखळी, आणि काळ्या नळ्या. त्या कोणत्या कंपनीच्या आहेत ते मला लांबूनच ओळखता आलं, धंदाच तो. त्यांनी फाटकाशी उभ्या प्रमोदला विचारलं. प्रमोदने हाताने दाखवलं आणि म्हणाला, गोठ्यात आहे. तो एवढंच बोलला.

त्यांनी विलासला पायाला धरून ओढत अंगणात आणलं. डोकं दगडी पायरीवर आपटत आलं. मग मारायला लागले. त्याने आधी हात वर धरले, मग हात मोडला तेव्हा तो नुसता कुशीवर वळला. साखळी तोंडावर बसली. नळीचा आवाज ओल्या कपड्यावर काठी मारल्यासारखा येत होता. मी पोलिसांना फोन लावला. माझा आवाज इतका बारीक निघाला की पलीकडचा माणूस म्हणाला, ताई, शांतपणे सांगा.

मोठी माय मुसळ घेऊन उतरली. पहिल्याच फटक्यात एकाचा हात लोंबला. कुणीतरी तिच्या कपाळावर काठी घातली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती आत घुसली आणि पडलेल्या मुलाच्या दोन बाजूंना दोन पाय रोवून उभी राहिली. त्याच्याकडे बघितलंही नाही.

"हाऊ सज्जन नही," ती म्हणाली. "हाऊ काय शे ते मी कोर्टात मागेच सांगेल शे. पन आज हाऊ आठेच व्हता."

समोरचा पोरगा हसला. "म्हातारे, तू त्यानी मायच शे. तुनं कोन मानी?"

"मी सांगस," असं कुणीतरी फाटकाबाहेरून म्हणालं.

सुमन होती. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. केस पिकलेले. त्या दुपारनंतर तिने त्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाही टाकलं नाही. बाहेरूनच बोलली. हा सकाळपासून इथेच आहे, गुरांना पाणी पाजलं, शेण काढलं, मग गोठ्यात बसला. पोराने विचारलं, तुला काय माहीत?

"माले म्हाईत ऱ्हास," ती म्हणाली. "हाऊ कोठे शे हाई देखाशिवाय मी घरमाइन पाय भायेर ठेवत नही. बारा महिना."

ही बाई कोण, असं त्यांनी एकमेकांत विचारलं. शेवटी आबाच खाली मान घालून म्हणाला, तीच ती.

नळ्या खाली आल्या. माफी वगैरे कुणी मागितली नाही. जाता जाता एकाने विलासच्या कमरेत लाथ घातली, एवढं आल्यासारखं. ती सून दुपारी चहाच्या वेळेला धुळ्याला बहिणीकडे सापडली. सकाळी नवऱ्याने मारलं म्हणून निघून गेली होती. नवरा सगळ्यात पुढच्या मोटारसायकलवर होता.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. माणसं गेली, धूळ बसली, आणि मोठी माय अजून सुमनकडे बघत होती. कपाळावरचं रक्तसुद्धा पुसलं नव्हतं.

"बारा महिना?" तिने विचारलं.

"मंग?" सुमन म्हणाली. "अक्का, तुमीन त्याले तुमना डोयासमोर ठेवा. मना बी डोयासमोरच ठेवा ना." आमच्या बोलीत ठेवा म्हणजे ठेवलात.

मोठी माय खाली बसली. मुसळ हातातून सुटलं. एवढ्या वर्षांत तिला कुणी जमिनीवर बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. सुमनने भारा सावरला आणि ती वस्तीकडे चालायला लागली. मोठी माय तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि मुलगा मागे रक्त ओकत होता तरी पुष्कळ वेळ वळली नाही.

विलास जगला. एक डोळा गेला, कमरेचं हाड वाकडं जुळलं. घरी रोट भाजले गेले, कारण कानबाईला उपाशी ठेवायची कुणाची छाती झाली नाही. तो जळगावच्या हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता आणि त्याच्या मुठीचे रोट आबाने खाल्ले, प्रमोदने खाल्ले, मीही खाल्ले. मोठ्या मायने खाल्ले नाहीत. पोलिसांनी तिला विचारलं, गोठा कुणी दाखवला? तिने प्रमोदचं नाव सांगितलं. आबा पायावर पडला. ती म्हणाली, ऊठ, मला जाऊ दे, मला सामान बांधायचंय.

जमीन तिने अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, लावून दिली. मुठी टाकायचं काम आबाच्या बायकोकडे गेलं. विलासला घेऊन ती धुळ्याला जायला निघाली, आणि खोली शोधायला अर्थातच मला बरोबर घेतलं. नातेवाइकांत रिकामा आणि नाही म्हणता न येणारा मीच. मला वाटलं, बाई बाहेरगावची, मी शहाणा, मी बोलेन. पहिल्याच दारात मी गोड आवाजात आजारी भाऊ, म्हातारी आई असं सुरू केलं, तर तिने मला कोपराने बाजूला केलं आणि सांगितलं, हा माझा मुलगा, याने एका बाईवर जबरदस्ती केली होती, शिक्षा झाली, पोलीस पत्ता बघायला येतील, खोली देता का? दार बंद झालं. पुढचंही झालं. एका ठिकाणी अंगावर पाणी पडलं, मुख्यतः माझ्या. एक माणूस विलासच्या तोंडावर थुंकला. मोठ्या मायचा हात वर गेला, आणि मी पहिल्यांदा तो तसाच खाली येताना पाहिला.

रस्त्यात मी म्हणालो, मोठी माय, पोलीस येतील तेव्हा कळेलच, आधी कशाला सांगतेस?

"बापू, मी एकदाव इचारं नही," ती म्हणाली. "आते इचारीसनच ठेवसू."

मागे ठेवताना तिने कुणाला विचारलं नव्हतं, हे मला विचारायची गरज नव्हती.

दिवस कलता कलता एका निवृत्त नर्सबाईने दार उघडलं. तिने विलासला उजेडात उभं करून पाहिलं, मोठ्या मायच्या कपाळावरचा टाक्यांचा व्रण पाहिला, आणि म्हणाली, मागची खोली आहे, पण दाराला बाहेरून कडी लागेल. मोठी माय म्हणाली, कुलूप मी आणलंय.

गेल्या हिवाळ्यात नळ्यांच्या वसुलीला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा एक फणी केळी घेऊन तिच्याकडे गेलो. संध्याकाळची वेळ. खोलीच्या दारात ती लाकडी स्टुलावर बसली होती, मांडीवर काठी आडवी. आत विलास भिंतीकडे तोंड करून बाजेसाठी सुंभाला पीळ घालत होता. कामावरून सुटलेल्या बाया गल्लीतून जात होत्या. त्या घरापाशी आल्या की पावलं अडखळायची. मोठी माय प्रत्येकीला म्हणायची, जा माय, मी बठेल शे, म्हणजे मी आहे बसलेली. कुणी मान हलवी. एक पोरगी पलीकडच्या भिंतीला घासून पळाली, आणि मोठी माय ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

मी समोर उकिडवा बसून घरची खबर सांगायला लागलो. कोण आजारी, कुणाचं ठरलं, प्रमोदची कोर्टातली तारीख कधी आहे. ती ऐकत होती, असं मला वाटलं. मग काठीच्या टोकाने तिने माझ्या पोटाला हळूच ढोसलं.

"बापू, जरा बाजूले सरक," म्हणाली. "रस्ता दिखत नही."

मी सरकलो.